नेमायला दोघे, काढायला कोणी नाही: अर्जेंटिनाच्या लष्करी बिशपांचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

फेब्रुवारी २००५ मध्ये अर्जेंटिनाच्या सैन्यदलांचे कॅथलिक बिशप आंतोनियो बासेओत्तो यांनी देशाच्या आरोग्यमंत्र्यांना एक खरमरीत पत्र लिहिलं. महिनाभरात राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढून बिशपांच्या नेमणुकीला दिलेली संमती मागे घेतली. सरकारी दर्जा गेला, पगार थांबला. व्हॅटिकनने त्यांना हलवायला साफ नकार दिला. पुढची दोन वर्षं बासेओत्तो चर्चच्या लेखी लष्करी बिशप होते आणि सरकारच्या लेखी कोणीच नव्हते. ते निवृत्त झाल्यावर ती खुर्ची जवळजवळ दहा वर्षं रिकामी राहिली.

त्या वेळी बातम्या रंगल्या त्या चर्च विरुद्ध सरकार, गर्भपात, कंडोम या अंगाने. मला हे प्रकरण अभ्यासावंसं वाटतं ते दुसऱ्याच कारणासाठी. दोन सत्तांनी मिळून एखाद्याला नेमायचं ठरवलं, पण त्याच्याशी बिनसलं तर काय करायचं हे कुठेच लिहून ठेवलं नाही, तर काय होतं याचा इतका स्वच्छ नमुना सहसा सापडत नाही.

लष्करी बिशप म्हणजे कोण

आपल्याकडे हे पद नाही. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे धर्मशिक्षक म्हणून भरती होतात, ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा हुद्दा घेतात आणि पलटणीच्या शिस्तीत राहतात. त्यांच्या डोक्यावर वेगळा लष्करी बिशप नसतो. अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, इटली, पोलंड, फिलिपाइन्स, अमेरिका अशा देशांत मात्र तो असतो.

वसईचे बिशप किंवा पुण्याचे बिशप म्हटलं की डोळ्यांसमोर एक मुलूख येतो. लष्करी बिशपांच्या धर्मप्रांताला मुलूख नाही. गणवेशातला माणूस जिथे जाईल, त्याची बायकामुलं जिथे राहतील, लष्करी इस्पितळ, लष्करी शाळा, युद्धनौका, सीमेवरची चौकी, हे सगळं त्यांच्या कक्षेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ एप्रिल १९८६ रोजी एक फर्मान काढून या व्यवस्थेला रीतसर धर्मप्रांताच्या तोडीचा दर्जा दिला. तोवर लष्करी धर्मसेवेचा प्रमुख बहुधा दुसऱ्याच कुठल्यातरी धर्मप्रांताचा आर्चबिशप असायचा आणि हे काम जोडीला सांभाळायचा. १९८६ नंतर तो पूर्ण वेळेचा, स्वतःच्या हक्काचा बिशप झाला.

गोम अशी की हा बिशप धर्माने पोपच्या हाताखाली असला तरी त्याचे फादर छावणीत राहतात, सरकारचा पगार घेतात आणि कर्नलसाहेबांच्या परवानगीशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकू शकत नाहीत. म्हणून बहुतेक देशांत हे पद रोम, म्हणजे व्हॅटिकन, आणि तिथलं सरकार यांच्यातल्या कराराने बांधलेलं असतं.

१९५७ चा करार आणि त्यातली फट

अर्जेंटिनात हा करार २८ जून १९५७ चा. दोन वर्षांपूर्वी, जून १९५५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष पेरॉन आणि चर्च यांचं भांडण विकोपाला जाऊन राजधानी ब्वेनोस आयरेसमधली चर्चेस जाळली गेली होती. त्याच वर्षी सैन्याने पेरॉनना हुसकावलं आणि नंतरच्या लष्करी राजवटीने रोमशी हा करार केला. त्यात एक साधं कलम होतं: लष्करी धर्मसेवेच्या प्रमुखाला पोप नेमतील, पण आधी राष्ट्राध्यक्षांची संमती घेतील.

राज्यकर्त्याचा बिशपच्या नेमणुकीत हात असणं हे गोवा-मुंबईच्या कॅथलिकांना नवं नाही. पोर्तुगीज राजाच्या पाद्रोआदोने, म्हणजे बिशप सुचवण्याच्या हक्काने, मुंबईच्या ख्रिस्ती लोकांत किती पिढ्या दुफळी माजवली हे तिकडची जुनी घराणी अजून सांगतात. १९२८ च्या समझोत्यानुसार तर मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असायचा. ही पाळी संपली १९५० मध्ये, आर्चबिशप रॉबर्ट्स बाजूला होऊन व्हॅलेरियन ग्रेशस त्या जागी आले तेव्हा. लॅटिन अमेरिकेत स्पॅनिश राजाचा असाच हक्क होता. स्वातंत्र्यानंतर अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांनी तो वारसाहक्काने आपल्याकडे घेतला आणि रोमने तो मनापासून कधीच मान्य केला नाही. १९६६ मध्ये नवा करार होऊन बाकीच्या सगळ्या बिशपांच्या बाबतीत सरकारचा हा हात निघाला. लष्करी बिशपाच्या बाबतीत मात्र १९५७ चं कलम तसंच राहिलं. म्हणजे देशात एकच असा बिशप उरला ज्याला नेमताना राष्ट्राध्यक्षांनी हो म्हणावं लागतं.

नंतर तेच हो मागे घेता येतं का? करार गप्प आहे. १९८६ च्या नव्या व्यवस्थेशी जुळवून घेण्यासाठी १९९२ मध्ये रोम आणि ब्वेनोस आयरेस यांनी एकमेकांना पत्रं देऊन करारात बदल केले. ही फट बुजवायची ती वेळ होती. कुणाच्या ध्यानात आली नाही, किंवा आली तरी मधमाश्यांचं पोळं कशाला डिवचा असं वाटलं असेल.

पदाला चिकटलेला डाग

पुढे जे घडलं ते कळायला १९७६ ते १९८३ या काळाकडे पाहावं लागतं. लष्करी हुकूमशाहीने त्या काळात हजारो माणसं उचलली, छळली, नाहीशी केली. लोकशाही आल्यावर नेमलेल्या सरकारी चौकशी आयोगाने सुमारे ९ हजार प्रकरणं नोंदवली. मानवी हक्क संघटना ३० हजार हा आकडा सांगतात.

तेव्हा लष्करी धर्मसेवेचे प्रमुख होते पारानाचे आर्चबिशप आदोल्फो तोर्तोलो, आणि प्रत्यक्ष कारभार पाहायचे त्यांचे दुय्यम बिशप विक्तोरियो बोनामीन. १९७५ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे सैन्याने सत्ता बळकावण्याच्या सहा महिने आधी, बोनामीन यांनी प्रवचनातच सुचवलं होतं की सैन्याने आपल्या नेहमीच्या कामापलीकडे जावं अशी ख्रिस्ताचीच इच्छा नसेल कशावरून.

सगळं चर्च असं नव्हतं, हेही लगेच सांगायला हवं. ला रियोहाचे बिशप एनरिके आन्जेलेल्ली ऑगस्ट १९७६ मध्ये मारले गेले. आधी तो अपघात ठरवला गेला, नंतर न्यायालयाने खून ठरवला, आणि २०१९ मध्ये चर्चने त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केलं. पण लष्करी फादरांची प्रतिमा वेगळी झाली. आदोल्फो सिलिंगो नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १९९५ मध्ये उघडपणे सांगितलं की एस्मा या नौदलाच्या यांत्रिकी शाळेत डांबलेल्या कैद्यांना गुंगीचं इंजेक्शन द्यायचे, विमानात घालायचे आणि जिवंत असतानाच समुद्रात फेकायचे. अशा एका फेरीनंतर मन सैरभैर झालं तेव्हा लष्करी फादरांनी गव्हातून निदण वेगळं काढावंच लागतं असा बायबलातला दाखला देऊन आपलं समाधान केलं, असंही त्याने सांगितलं.

समुद्र, विमान, फेकलेली माणसं आणि बायबलचा आधार. २००५ मध्ये बासेओत्तो ज्या खुर्चीत बसले होते तिच्या भोवती हे सगळं होतं.

बासेओत्तो तिथवर कसे आले

त्यांचा या इतिहासाशी व्यक्तिगत संबंध नव्हता. जन्म १९३२ चा, ब्वेनोस आयरेसचा. रिडेम्प्टोरिस्ट संघाचे फादर. या संघाचं मूळ कामच गावोगावी फिरून उपेक्षितांत मिशन चालवण्याचं. उत्तरेकडच्या सान्तियागो देल एस्तेरो प्रांतात आन्यातुया नावाचा धर्मप्रांत आहे, देशातल्या सर्वांत गरीब धर्मप्रांतांपैकी एक. उन्हाने भाजलेलं झुडपी रान, मातीच्या भिंतींची घरं, त्या भिंतींच्या फटींत राहणारे किडे आणि त्यांच्या चाव्यातून होणारा चागास हा हृदय पोखरणारा रोग. तिथले पहिले बिशप होर्हे गोत्ताउ हेही याच संघाचे. गरीब धर्मप्रांतांसाठी देशभर वर्षातून एकदा वर्गणी गोळा करण्याची प्रथा त्यांनीच सुरू केली. बासेओत्तो १९९१ मध्ये त्यांचे सहायक आणि वारस म्हणून बिशप झाले, पुढच्या वर्षी त्यांच्या जागी आले आणि दहा वर्षं तिथे राहिले.

नोव्हेंबर २००२ मध्ये रोमने त्यांना लष्करी बिशप नेमलं. संमती दिली ती तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एदुआर्दो दुआल्दे यांनी. त्याच महिन्यात दुआल्दे सरकारने लैंगिक आरोग्याचा नवा कायदा जारी केला, ज्यामुळे सरकारी दवाखान्यांतून गर्भनिरोधकं फुकट मिळू लागली. हा कायदा राबवणारे आरोग्यमंत्री होते हिनेस गोन्सालेस गार्सिया. म्हणजे ज्या दोघांची पुढे जुंपली ते एकाच सरकारच्या काळात, आपापल्या जागी, एकमेकांना पुरेपूर ओळखता येईल असे बसले होते.

माझ्या मते पहिला निर्णयबिंदू इथेच आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. सत्तरी गाठलेले, दुष्काळी खेड्यापाड्यांत आयुष्य काढलेले, मनात येईल ते रोखठोक बोलणारे मिशनरी बिशप आणि देशातलं सर्वांत राजकीय धर्मपद, ही जोडी रोमने का जमवली? लष्कराशी जुने लागेबांधे नसलेला माणूस हवा होता असं म्हटलं तर निवड चांगली होती. पण या खुर्चीला हवा होता जिभेवर लगाम असलेला माणूस, आणि संमती देताना सरकारनेही तो तपास केलेला दिसत नाही.

पत्र

२००३ मध्ये नेस्तोर किर्शनेर राष्ट्राध्यक्ष झाले. गोन्सालेस गार्सिया आरोग्यमंत्री म्हणून कायम राहिले. फेब्रुवारी २००५ च्या मध्याला त्यांनी गर्भपात गुन्हा राहू नये असं जाहीरपणे म्हटलं. देशात गर्भपाताचा कायदा १९२१ चा होता, मोजके अपवाद सोडले तर तुरुंगवासाचा. चोरून केलेले गर्भपात हे बाळंतपणाशी निगडित मृत्यूंचं मोठं कारण होतं आणि डॉक्टर म्हणून मंत्री ते आकडे रोज पाहत होते. त्याआधी तरुणांना कंडोम वाटतानाचे त्यांचे फोटोही छापून आले होते.

१७ फेब्रुवारीला बासेओत्तो यांनी मंत्र्यांना पत्र लिहिलं आणि ते लगेच बाहेर आलं. पत्रात दोन घाव होते. पहिला असा की मंत्री ज्याला उत्तेजन देत आहेत ते मनुष्यवधाच्या गुन्ह्याचं समर्थन आहे. हा आरोप जहाल, पण गर्भपाताच्या वादात तो नवा नव्हता, त्यावरून सरकार हललं नसतं. दुसऱ्या वाक्याने सगळं पेटलं. तुम्ही तरुणांना उघडपणे कंडोम वाटलेत तेव्हा मला शुभवर्तमानातलं वचन आठवलं, असं म्हणून त्यांनी ख्रिस्ताचे ते शब्द दिले: लहानांना जे अडखळवतात त्यांच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्यांना समुद्रात टाकावं, याच लायकीचे ते असतात.

एखाद्या खेड्यातल्या फादरांनी हे वचन दिलं असतं तर लोकांनी फार तर नाक मुरडलं असतं. हे लिहिलं होतं लष्कराच्या बिशपांनी, एका मंत्र्याला, अर्जेंटिनात.

वेळही अशी की याहून वाईट शोधून सापडली नसती. त्याच जानेवारीत माद्रिदच्या न्यायालयात सिलिंगोवर खटला उभा राहिला होता आणि समुद्रात फेकलेल्या माणसांच्या कहाण्या पुन्हा पहिल्या पानावर होत्या. १९ एप्रिलला त्याला ६४० वर्षांची शिक्षा झाली. लष्करी अधिकाऱ्यांना वाचवणारे दोन कायदे संसदेने २००३ मध्ये रद्द केले होते आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालय ते घटनाबाह्य ठरवणार होतं. त्याच वर्षाच्या जुलै-ऑगस्टमध्ये हेनेराल लाव्हाये गावच्या दफनभूमीतल्या बेवारस हाडांची ओळख पटली. त्यात आसुसेना विल्याफ्लोर होत्या, नाहीशा झालेल्या मुलांचा शोध घेणाऱ्या आयांच्या पहिल्या फळीतल्या. त्यांच्या दोन सहकारी होत्या, आणि होती लिओनी द्युके नावाची फ्रेंच सिस्टर. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांना विमानातून फेकलं होतं आणि लाटांनी प्रेतं किनाऱ्याला आणली होती. समुद्रात टाकलेल्यांत चर्चची स्वतःची नन होती, हे पत्र लिहिणाऱ्याला आठवायला हवं होतं.

बिशपांपुढचे पर्याय

वाद उठल्यावर बासेओत्तो यांची बाजू अशी होती की हे ख्रिस्ताचं वचन आहे, धमकी नाही, आणि विमानांचा विचार आपल्या मनात नव्हता. ते खरं मानायला माझी ना नाही. आन्यातुयात घडलेल्या बिशपांच्या डोक्यात आधी बायबल येणं स्वाभाविक आहे.

तरी पत्राआधी आणि पत्रानंतर त्यांच्या हातात बरंच काही होतं. गर्भपातावर बोलायला बिशप परिषद होती, राजधानीत कार्डिनल बेर्गोग्लिओ होते, जे पुढे पोप फ्रान्सिस झाले. देशाच्या आरोग्यधोरणावर लष्कराच्या बिशपांनीच बोलायचं काही अडलं नव्हतं. बोलायचंच होतं तर खासगी पत्र होतं, मंत्र्यांची भेट होती, वचनाशिवाय लिहिलेलं तेच पत्र होतं.

त्यानंतरचा महिना मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १७ फेब्रुवारी ते १८ मार्च एवढा काळ त्यांच्याकडे होता. "गर्भपाताबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे, पण समुद्रात माणसं गमावलेल्या घरांना या वचनाने जखम झाली असेल तर मला वाईट वाटतं" एवढं म्हटलं असतं तर भूमिका जिथल्या तिथे राहून वातावरण निवळलं असतं. तसं वाक्य आलं नाही. माघार घेतली तर गर्भपाताच्या मुद्द्यावरच माघार घेतल्यासारखं दिसेल, ही भीती त्यामागे असावी. या दोन गोष्टी वेगळ्या करणं हेच त्या महिन्याचं काम होतं.

सरकारपुढचे पर्याय

किर्शनेर यांना दुर्लक्ष करणं शक्य होतं, पण राजकीयदृष्ट्या अवघड. मार्च २००४ मध्ये त्यांनी लष्करी महाविद्यालयाच्या भिंतीवरून हुकूमशहांच्या तसबिरी उतरवायला लावल्या होत्या आणि एस्माची जागा स्मारकासाठी दिली होती. त्यांच्या सरकारची ओळखच ती होती. त्यांच्याच सैन्याचे बिशप त्यांच्या मंत्र्याला समुद्र दाखवतात आणि ते गप्प बसतात, हे त्यांच्या माणसांना पचलं नसतं.

दुसरा मार्ग होता रोमशी शांतपणे बोलून बिशपांना दुसरीकडे हलवण्याचा. तो सरकारने आजमावला, राजदूतामार्फत बदली मागितली. पण मागणी झाली तीही सगळ्या वर्तमानपत्रांच्या देखत. शिवाय रोममध्ये जॉन पॉल दुसरे अखेरच्या आजारपणात होते. २४ फेब्रुवारीला त्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली, २ एप्रिलला ते गेले. अशा वेळी व्हॅटिकन एका राष्ट्राध्यक्षाच्या जाहीर मागणीपुढे बिशप हलवेल ही अपेक्षाच चुकीची होती. वाट पाहणं हा पर्याय होता. बिशप पंच्याहत्तरीला राजीनामा देतात आणि बासेओत्तो ७२ वर्षांचे होते.

तिसरा मार्ग सगळ्यात रोखठोक: १९५७ चा करारच मोडीत काढायचा. सरकारच्या गोटात त्याची कुजबुज होती. पण करार मोडणं म्हणजे छावण्यांतली अख्खी धर्मसेवा विस्कटणं, आणि ते कुणालाच नको होतं.

उरला तो चौथा. १८ मार्चला, झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आदल्या शुक्रवारी, २२०/२००५ क्रमांकाचा हुकूम निघाला. २००२ मध्ये दिलेली संमती रद्द.

रोमचं उत्तर आणि मधली दोन वर्षं

व्हॅटिकनचे प्रवक्ते होआकिन नावारो-वाल्स यांचं म्हणणं लगेच आलं. पोपने रीतसर, करारानुसार नेमलेल्या बिशपांना सेवा करण्यापासून रोखलं तर तो धर्मस्वातंत्र्याचा आणि झालेल्या करारांचा भंग ठरेल. अर्जेंटिनाचे बाकीचे बिशपही बासेओत्तो यांना लष्करी बिशपच मानत राहिले.

सातबाऱ्यावर दोघांची नावं असावीत आणि एकाने आपल्यापुरतं खोडून दुसऱ्यालाही बाहेर काढलं असं समजावं, तसं सरकारचं झालं. त्याच्या हातात होतं ते त्याने घेतलं: दर्जा, पगार, सरकारी मान. बिशपपण त्याच्या हातात नव्हतंच. लष्करी फादर अधांतरी सापडले. त्यांची नेमणूक सरकारची, आज्ञापालन बिशपांचं. सरकार ज्यांना ओळखत नाही त्यांच्या सहीने छावणीतल्या धर्मसेवेचा कारभार चालवायचा कसा, हा रोजचा प्रश्न होऊन बसला.

राजधानीतलं लष्करी कॅथेड्रल, स्तेला मारिस, रेतिरो भागात कोमोदोरो पी रस्त्यावर आहे, नौदलाच्या मुख्यालयाला लागून. त्याच रस्त्यावर पुढे फेडरल न्यायालयाची मोठी इमारत आहे, जिथे नंतरच्या वर्षांत एस्माचे खटले चालले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या विमानांच्या वैमानिकांना जन्मठेप झाली. एका रस्त्यावरच्या या तीन इमारती पाहिल्या की हे भांडण पत्रातल्या एका वाक्यावरून का झालं ते समजायला फार वाचावं लागत नाही.

किर्शनेर आणि चर्च यांचं आधीच बिनसलेलं होतं, ते आणखी बिघडलं. २५ मे च्या राष्ट्रीय दिवसाची पारंपरिक प्रार्थनासभा २००५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी बेर्गोग्लिओंच्या कॅथेड्रलमधून हलवून सान्तियागो देल एस्तेरोला नेली. कारण एकटं हे पत्र नव्हतं, बेर्गोग्लिओंची आदल्या वर्षीची बोचरी प्रवचनंही होती.

निष्पत्ती

एप्रिल २००७ मध्ये बासेओत्तो पंच्याहत्तरीचे झाले, मे महिन्यात रोमने त्यांचा राजीनामा स्वीकारला. दोन्ही बाजूंना माघार न घेता सुटता आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोलिसांचे फादर क्रिस्तियान फॉन वेर्निख यांना खून, अपहरण आणि छळातल्या सहभागासाठी जन्मठेप झाली. ते लष्करी नव्हेत, प्रांतिक पोलिसांचे, पण लोकांच्या मनात गणवेश आणि झगा यांची गाठ आणखी घट्ट झाली. अशा हवेत नवीन लष्करी बिशपासाठी ना सरकारला घाई होती ना रोमला.

मग खुर्ची रिकामीच राहिली. पेद्रो कान्दिया नावाचे फादर प्रशासक म्हणून गाडा हाकत राहिले. जागा रिकामी असताना काही नवं करू नये असा चर्चच्या कायद्याचा दंडक आहे, त्यामुळे प्रशासकाचे हात बांधलेले असतात. पोप स्वतः अर्जेंटिनाचे झाल्यावरही चार वर्षं गेली. २८ मार्च २०१७ रोजी फ्रान्सिस यांनी क्रूस देल एहेचे बिशप सान्तियागो ओलिवेरा यांना नेमलं.

आणि मुळातला विषय? पत्र निघाल्याच्या क्षणापासून गर्भपाताची चर्चा मागे पडली आणि बिशपांच्या पगाराची सुरू झाली. गर्भपाताचा नवा कायदा झाला तो ३० डिसेंबर २०२० ला. तेव्हा आरोग्यमंत्री पुन्हा गोन्सालेस गार्सियाच होते. मंत्र्यांना रोखायला लिहिलेल्या पत्राने मंत्री रुसले नाहीत, थांबलेही नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

बिशपांचं वर आलंच आहे. सरकारबद्दल माझं मत कडक आहे. हुकूम काढताना त्यांनी पुढच्या सकाळचा विचार केला नाही. संमती काढली तर रोम नवा माणूस देईल, असं गृहीत धरलं होतं. रोमने काहीच केलं नाही तर काय, याला उत्तर नव्हतं. पगार तात्पुरता रोखून आणि जाहीर निषेध करून राग नोंदवता आला असता, आणि संमतीचा हत्यार म्हणून वापर पुढच्या बिशपाच्या वाटाघाटीसाठी राखता आला असता. ते एकदा वापरलं आणि बोथट निघालं.

रोमने बिशपांना न हलवणं समजू शकतं. एका राष्ट्राध्यक्षाच्या हुकमाने एक बिशप जातो असा पायंडा पडला की तो पुढे कुठल्याही देशात वापरला जातो, आणि व्हॅटिकन शतकांच्या हिशोबाने विचार करतं. समजू शकत नाही ती २००७ नंतरची शांतता. आग विझली होती, माणूस गेला होता, हुकूम निरर्थक झाला होता. करारात एक कलम घालून घ्यायला याहून सोयीची वेळ नव्हती.

ते कलम फार अवघडही नाही. नेमणूक ठरावीक मुदतीची असावी, समजा पाच वर्षांची, आणि दोघांच्या संमतीने वाढवता यावी. सरकारला तक्रार असेल तर ती आधी बंद दाराआड रोमकडे जावी आणि सहा महिन्यांत लेखी उत्तर मिळावं. उत्तर नकारार्थी असेल तर सरकारने दर्जा आणि पगार काढावा, पण फादरांच्या नेमणुका आणि छावण्यांतली सेवा प्रशासकाच्या सहीने चालू राहील हे आधीच लिहून ठेवावं. जागा रिकामी झाली तर नवीन नाव किती दिवसांत सुचवायचं, याचीही तारीख असावी. ही तारीख २००७ मध्ये कागदावर असती तर कान्दियांना दशकभर दुसऱ्याची खुर्ची राखत बसावं लागलं नसतं.